घटकाधारित वेब अनुप्रयोग

घटकाधारित वेब अनुप्रयोग म्हणजे स्वतंत्रपणे बसवता, सुरू करता, थांबवता, बदलता आणि काढून टाकता येणाऱ्या घटकांमध्ये विभागलेला वेब अनुप्रयोग होय. या घटकांना सर्वसाधारणपणे मॉड्यूल म्हणतात. निरनिराळ्या प्रणालींमध्ये त्यांना बंडल, प्लगिन किंवा विस्तार अशीही नावे आहेत. घटकांचे व्यवस्थापन सर्व्हर चालू असताना, शक्यतो संपूर्ण अनुप्रयोग बंद न करता केले जाते, हे या रचनेचे मुख्य वैशिष्ट्य आहे. जावा भाषेतील ओएसजीआय हे मानक, एरलँग भाषेतील चालू स्थितीत आज्ञावली बदलण्याची सोय, ओपनएमआरएस ही रुग्णनोंद प्रणाली आणि वर्डप्रेसमधील प्लगिन ही या रचनेची परिचित उदाहरणे आहेत. भारतातील आधार प्रणालीत हीच तत्त्वे वेगळ्या पातळीवर वापरलेली दिसतात. आधार क्रमांकांच्या वाटपाचा प्रारंभ २०१० मध्ये महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यात झाला.

स्वरूप

वेब अनुप्रयोगाची विभागणी तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर करता येते. पहिला टप्पा लेखनाचा. यात आज्ञावली वेगवेगळ्या फायलींत व संचांत लिहिली जाते. दुसरा टप्पा बांधणीचा. यात स्वतंत्रपणे तयार झालेले संच एकत्र जोडून एकच अनुप्रयोग बनवला जातो. तिसरा टप्पा अनुप्रयोग चालू असतानाचा. बहुसंख्य अनुप्रयोगांत विभागणी पहिल्या दोन टप्प्यांपुरतीच राहते. बांधणी झाल्यावर घटकांमधील सीमा पुसल्या जातात आणि सर्व्हरवर एकसंध अनुप्रयोग चालतो. घटकाधारित रचनेत मात्र या सीमा तिसऱ्या टप्प्यातही शिल्लक असतात. कोणता घटक कोणत्या आवृत्तीत आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे चालू प्रणालीला विचारता येते व बदलता येते.

हा फरक एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. नंदुरबार जिल्ह्यातील नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी या सहा तालुक्यांतील आरोग्य केंद्रांसाठी एक सामायिक वेब अनुप्रयोग आहे, असे समजा. त्यात रुग्णनोंदणी, प्रयोगशाळा, औषधसाठा, लसीकरण आणि अहवाल असे पाच विभाग आहेत. जिल्ह्यातील आदिवासी समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल आजाराच्या तपासणीची नवी नोंद प्रयोगशाळा विभागात करायची आहे. अनुप्रयोग एकसंध असेल, तर या एका बदलासाठी संपूर्ण अनुप्रयोगाची नव्याने बांधणी करावी लागते आणि तो बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. तेवढा वेळ लसीकरणाची नोंद आणि औषधवाटपही थांबते. बदलात चूक राहिली असेल, तर सहाही तालुक्यांतील सर्व विभाग एकाच वेळी अडचणीत येतात. घटकाधारित रचनेत केवळ प्रयोगशाळेचा घटक थांबवून त्याची नवी आवृत्ती बसवली जाते. चूक आढळल्यास तेवढाच घटक मागील आवृत्तीवर नेता येतो.

इतिहास

संगणक प्रणालीची विभागणी कोणत्या निकषावर करावी, याची पद्धतशीर चर्चा डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात केली. प्रक्रियेतील पायऱ्यांनुसार विभागणी करण्याऐवजी, भविष्यात बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय एकेका घटकाच्या आत लपवावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे तत्त्व माहिती-गोपन या नावाने ओळखले जाते.

चालू प्रणालीतील बदलाची गरज प्रथम तीव्रतेने जाणवली ती दूरध्वनी क्षेत्राला. दूरध्वनी केंद्र दुरुस्तीसाठी बंद ठेवणे परवडणारे नसते. एरिक्सन या स्वीडिश कंपनीत १९८० च्या दशकात विकसित झालेल्या एरलँग भाषेत यासाठी खास सोय आहे. एरलँगमध्ये एकाच घटकाची चालू आणि जुनी अशा दोन आवृत्त्या एकाच वेळी स्मृतीत राहू शकतात. सुरू असलेली कामे जुनी आवृत्ती वापरून पूर्ण होतात, तर नवी कामे चालू आवृत्तीकडे जातात. तिसरी आवृत्ती आणण्यापूर्वी सर्वांत जुनी काढावी लागते, आणि तिच्यावर अद्याप अवलंबून असलेल्या प्रक्रिया त्या वेळी संपुष्टात आणल्या जातात.

मार्च १९९९ मध्ये ओएसजीआय या संघटनेची स्थापना झाली. एरिक्सन, आयबीएम, सन मायक्रोसिस्टिम्स आदी कंपन्यांचा तीत सहभाग होता. घरांमध्ये बसवायच्या जोडणी-उपकरणांवर दुरून नव्या सेवा बसवता याव्यात, हा तिचा मूळ उद्देश होता. मानकाची पहिली आवृत्ती २००० मध्ये प्रसिद्ध झाली. २००४ मध्ये एक्लिप्स या विकसन-साधनाच्या ३.० या आवृत्तीने आपली प्लगिन व्यवस्था ओएसजीआयवर उभारली. त्यानंतर हे मानक उपकरणांच्या क्षेत्राबाहेर पसरले. याच वर्षी वर्डप्रेसच्या १.२ या आवृत्तीत प्लगिनची सोय आली. २०१० मध्ये ओएसजीआयच्या औद्योगिक उपयोगासाठीच्या मानकात वेब अनुप्रयोगांसाठी स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले. २०२० च्या अखेरीस ओएसजीआयचे काम एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवण्याचा निर्णय जाहीर झाला. दरम्यान, २०१७ मध्ये जावाच्या नवव्या आवृत्तीत खुद्द भाषेतच मॉड्यूल ही संकल्पना आली. तिचा भर मात्र घटकांच्या सीमा व अवलंबने काटेकोर करण्यावर आहे. चालू असताना घटक बदलण्याची सर्वसमावेशक व्यवस्था ती पुरवत नाही.

घटकाची रचना

घटकामध्ये दोन गोष्टी असतात: प्रत्यक्ष आज्ञावली आणि त्या आज्ञावलीचे वर्णन. वर्णनपत्रात साधारणपणे पुढील बाबी नमूद असतात.

• घटकाचे नाव आणि आवृत्ती क्रमांक
• घटक इतरांना वापरण्यासाठी खुले करत असलेले भाग
• घटकाला इतरांकडून हवे असलेले भाग आणि त्यांच्या चालू शकणाऱ्या आवृत्त्यांची कक्षा
• घटक सुरू होताना व थांबताना करायची कामे
• वेब घटक असल्यास तो कोणत्या पत्त्यावर उपलब्ध होणार

खुला म्हणून जाहीर न केलेला प्रत्येक भाग खासगी समजला जातो. ही केवळ शिस्त नसून तिची अंमलबजावणी प्रणालीकडूनच होते. ओएसजीआयमध्ये प्रत्येक बंडलसाठी वेगळा क्लास लोडर असतो, आणि तो आयात केलेल्या व स्वतःच्या भागांपलीकडे पाहू देत नाही. त्यामुळे दोन घटक एकाच ग्रंथालयाच्या दोन भिन्न आवृत्त्या एकाच सर्व्हरवर वापरू शकतात.

आवृत्ती क्रमांकाला या रचनेत करारासारखे महत्त्व असते. क्रमांकाचा पहिला अंक बदलला की जुन्या वापरकर्त्यांशी सुसंगतता तुटली, दुसरा बदलला की सुसंगतता राखून नवी सोय आली, आणि तिसरा बदलला की केवळ दुरुस्ती झाली, असा संकेत आहे. ‘आवृत्ती १.२ पासून पुढे, पण २.० च्या आत’ अशी कक्षा नोंदवलेला घटक १.३ किंवा १.९ या आवृत्तीशी जोडला जातो, मात्र २.० शी जोडला जात नाही. विकसकाने सुसंगतता तोडणारा बदल करूनही पहिला अंक वाढवला नाही, तर प्रणालीला धोका ओळखता येत नाही. जोडणी बिनतक्रार होते आणि बिघाड प्रत्यक्ष वापराच्या वेळी उघड होतो.

घटकाचे जीवनचक्र

ओएसजीआय मानकानुसार घटकाच्या सहा अवस्था असतात.

• स्थापित: घटक प्रणालीत आणला गेला आहे, पण त्याच्या गरजा तपासलेल्या नाहीत.
• निराकृत: त्याला लागणारे सर्व भाग उपलब्ध आहेत आणि जोडणी झाली आहे.
• सुरू होत असलेला: प्रारंभीची कामे चालू आहेत.
• कार्यरत: घटक सेवा देत आहे.
• थांबत असलेला: आवराआवरीची कामे चालू आहेत.
• विस्थापित: घटक काढून टाकला आहे.

स्थापित आणि निराकृत या दोन अवस्था वेगळ्या ठेवण्यामागे व्यावहारिक कारण आहे. आवश्यक भाग उपलब्ध नसलेला घटक कार्यरत होऊच शकत नाही. त्यामुळे अपुऱ्या तयारीने बसवलेला घटक अर्धवट चालून चुकीच्या नोंदी करण्याऐवजी सुरुवातीलाच अडवला जातो आणि कोणता भाग कमी आहे, याचा संदेश व्यवस्थापकाला मिळतो.

घटक काढून टाकला, तरी त्याने खुले केलेले भाग लगेच नाहीसे होत नाहीत. ते वापरणाऱ्या इतर घटकांसाठी जुने भाग स्मृतीत राहतात. ‘रिफ्रेश’ ही क्रिया केल्यावर संबंधित घटक थांबवले जातात, त्यांची जोडणी नव्याने केली जाते आणि ते पुन्हा सुरू होतात. म्हणूनच अनेकांच्या उपयोगाचा एखादा मूलभूत घटक बदलल्यास जवळजवळ संपूर्ण अनुप्रयोग क्षणभर थांबू शकतो. टोकाच्या घटकाचा बदल स्वस्त आणि पायातल्या घटकाचा बदल महाग, असे या रचनेचे गणित आहे.

सेवा नोंदवही

घटक एकमेकांना थेट नावाने हाक मारू लागले, तर एकाला बदलताना दुसऱ्यालाही बदलावे लागते. हे टाळण्यासाठी मध्यस्थ म्हणून सेवा नोंदवही वापरतात. घटक सुरू झाल्यावर आपण कोणते काम करू शकतो, हे तो नोंदवहीत नोंदवतो; ज्याला ते काम करून घ्यायचे आहे, तो नोंदवहीत शोध घेतो. काम कोणत्या स्वरूपात मागायचे आणि उत्तर कोणत्या स्वरूपात मिळेल, हे इंटरफेसद्वारे आधीच ठरलेले असते. वरील उदाहरणात अहवाल घटकाला ‘तपासणीचे निष्कर्ष देणारी सेवा’ हवी असते; ती प्रयोगशाळा घटकाच्या कोणत्या आवृत्तीकडून मिळते, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

चालू प्रणालीत सेवा कोणत्याही क्षणी येऊ वा जाऊ शकते, ही गोष्ट गृहीत धरूनच घटक लिहावा लागतो. अवलंबन अनिवार्य असेल, तर सेवा गेल्यावर अवलंबून असलेला घटकही आपले काम थांबवतो. अवलंबन ऐच्छिक असेल, तर तो कमी सोयींसह काम चालू ठेवतो. प्रयोगशाळा घटक थांबलेला असताना अहवाल घटकाने ‘प्रयोगशाळेची माहिती सध्या उपलब्ध नाही’ असे दाखवून उर्वरित अहवाल देणे हे ऐच्छिक अवलंबनाचे उदाहरण होय. अशा वेळी रिकाम्या जागी शून्य दाखवणे ही गंभीर चूक ठरते, कारण ‘रुग्ण आढळले नाहीत’ आणि ‘माहिती मिळाली नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वेब भागाची विभागणी

वेब अनुप्रयोगात आज्ञावलीखेरीज पत्ते, पाने, चित्रे, सत्रे आणि विदागार यांचीही विभागणी करावी लागते.

पत्ते: ओएसजीआयमध्ये वेब घटकाच्या वर्णनपत्रात त्याचा मूळ मार्ग नमूद केलेला असतो. घटक कार्यरत होताच तो मार्ग खुला होतो आणि थांबताच बंद होतो. दोन घटकांनी एकच मार्ग मागितल्यास पहिल्यालाच तो मिळतो व दुसऱ्याची मागणी अयशस्वी झाल्याची सूचना प्रसृत केली जाते. पहिला घटक थांबल्यावर दुसऱ्याला संधी मिळते.

पाने: मुखपृष्ठावरील यादी किंवा मेनू यांत प्रत्येक घटकाने आपापली भर घालायची असते. यासाठी फळ्याची पद्धत वापरतात. घटक आपली नोंद जणू एका सामायिक फळ्यावर लावतात आणि मुखपृष्ठ फळ्यावर त्या क्षणी असलेल्या नोंदी दाखवते. घटक गेला की त्याची नोंदही जाते.

सत्रे: वापरकर्त्याने प्रवेश केल्यापासून बाहेर पडेपर्यंतची माहिती सत्रात साठवली जाते. जुन्या आवृत्तीने साठवलेली वस्तू नव्या आवृत्तीला ओळखता येईलच असे नाही. जावामध्ये वर्गाची ओळख त्याच्या नावाबरोबरच तो आणणाऱ्या क्लास लोडरवरही अवलंबून असते. त्यामुळे नाव सारखे असूनही दोन आवृत्त्यांतील वर्ग भिन्न मानले जातात. म्हणून सत्रात शब्द, संख्या यांसारखी साधी मूल्येच ठेवण्याचा संकेत आहे.

विदागार: आज्ञावली क्षणात मागे नेता येते, विदागाराची रचना तशी मागे नेता येत नाही. सुरक्षित पद्धतीत बदल टप्प्याटप्प्याने केला जातो. आधी नवा रकाना जोडला जातो, काही काळ जुन्या व नव्या अशा दोन्ही जागी नोंद केली जाते, मागील नोंदी हलवल्या जातात आणि सर्व घटक नव्या रचनेवर आल्याची खात्री झाल्यावरच जुना रकाना काढला जातो.

विभागणी कोठे करावी, हा प्रश्न तांत्रिक सोयींपेक्षा महत्त्वाचा आहे. पाने एका घटकात, नियम दुसऱ्यात आणि विदा तिसऱ्यात अशी थरांनुसार विभागणी केल्यास एका छोट्या बदलासाठी तिन्ही घटक बदलावे लागतात. रुग्णनोंदणी, औषधसाठा अशी कामानुसार विभागणी केल्यास बदल बहुधा एकाच घटकात राहतो. पार्नास यांच्या निकषाचा हा थेट उपयोग आहे.

आधार प्रणाली आणि नंदुरबार जिल्हा

भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाची स्थापना जानेवारी २००९ मध्ये झाली. नंदन निलेकणी हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली या गावी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले. एप्रिल २०१६ मध्ये दिलेल्या क्रमांकांची संख्या १०० कोटींवर पोहोचली. एका खेड्यातील मोजक्या नोंदींपासून या संख्येपर्यंत जाताना प्रणाली बंद करून नव्याने उभारणे शक्य नव्हते. त्यामुळे ती सुरुवातीपासूनच बदलता येण्याजोग्या घटकांत विभागण्यात आली. मायएसक्यूएल, हडूप, रॅबिटएमक्यू यांसारखी मुक्त स्रोत साधने तिच्यात वापरण्यात आली.

नोंदणी केंद्रावर व्यक्तीची माहिती, दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळांची प्रतिमा आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन त्यांचे कूटबद्ध पाकीट तयार केले जाते. नोंदणीच्या क्षणी महाजालाची जोडणी असणे आवश्यक नसते. पाकीट नंतर पाठवता येते. केंद्रीय विदाकेंद्रात हे पाकीट उघडणे, तपासणे, माहितीची तुलना करणे, जैवमितीय तुलना करणे आणि क्रमांक देणे अशा टप्प्यांतून जाते. दोन टप्प्यांच्या मध्ये प्रतीक्षा-रांग असते. एखादा टप्पा मंदावला किंवा दुरुस्तीसाठी थांबला, तरी त्याच्या आधीच्या टप्प्याचे काम रांगेत जमा होत राहते, नष्ट होत नाही. टप्प्यांच्या या रचनेला घटनाचालित टप्पेवार रचना म्हणतात.

एका व्यक्तीला दोन क्रमांक मिळू नयेत, यासाठी प्रत्येक नव्या नोंदीची आधीच्या सर्व नोंदींशी तुलना करावी लागते. या कामासाठी तीन वेगवेगळ्या पुरवठादारांच्या तुलना-प्रणाली एकाच वेळी वापरण्यात आल्या. त्यांच्यात आणि उर्वरित प्रणालीत एक मध्यस्थ थर असून सर्वांसाठी इंटरफेस एकच आहे. अचूकता आणि वेग पाहून कोणत्या प्रणालीला किती काम द्यायचे, हे प्रमाण बदलता येते. त्यामुळे एखाद्या पुरवठादाराची प्रणाली बदलली किंवा बंद पडली, तरी उर्वरित प्रणालीला त्याची झळ मर्यादित बसते, आणि संपूर्ण व्यवस्था एकाच पुरवठादाराच्या हाती अडकत नाही.

ओळखीच्या प्रमाणीकरणासाठी वेगळा वेब इंटरफेस आहे. शिधावाटप दुकान, बँक किंवा कार्यालयातील यंत्राकडून आलेली विनंती अधिकृत मध्यस्थ संस्थांमार्फत केंद्रीय प्रणालीपर्यंत जाते आणि मूळ प्रमाणीकरण सेवेकडून ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येते. विनंतीच्या पत्त्यातच इंटरफेसचा आवृत्ती क्रमांक असतो. त्यामुळे नवी आवृत्ती सुरू झाल्यावर जुन्या आवृत्तीवरील संस्थांना बदलासाठी मुदत देता येते.

येथे एका भेदाची नोंद आवश्यक आहे. ओएसजीआयमधील घटक एकाच प्रक्रियेच्या आत बदलले जातात. आधारमधील घटक ही स्वतंत्रपणे चालणारी, जाळ्यावरून जोडलेली आज्ञावली आहे. ठरलेला इंटरफेस, आवृत्ती क्रमांक आणि एका घटकाच्या बिघाडापासून इतरांचे संरक्षण ही तत्त्वे मात्र दोन्हीकडे समान आहेत.

प्रणालीच्या आतील घटक अदलाबदलीस योग्य असले, तरी सेवा मिळण्याच्या टोकाला ही लवचिकता आपोआप पोहोचत नाही. प्रमाणीकरणासाठी यंत्र, मोबाइल जाळे, दोन मध्यस्थ संस्था आणि केंद्रीय प्रणाली असे किमान पाच दुवे एकाच वेळी चालू असावे लागतात. प्रत्येक दुवा १०० पैकी ९९ वेळा चालतो असे मानले, तरी पाचही दुवे एकत्र चालण्याची शक्यता सुमारे ९५ टक्केच राहते. म्हणजे १०० व्यक्तींपैकी सुमारे पाचांना त्या वेळी परत फिरावे लागेल. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील सातपुड्याच्या डोंगराळ भागात जाळ्याचा दुवा अधिक कमकुवत असतो, आणि शेतात किंवा बांधकामावर कष्टाचे काम करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजल्याने जुळत नाहीत, ही अडचणही सर्वपरिचित आहे. यासाठी बुबुळ, एकवेळ संकेतांक आणि चेहरा हे पर्यायी घटक उपलब्ध करून देण्यात आले. प्रमाणीकरण अयशस्वी झाले म्हणून पात्र व्यक्ती लाभापासून वंचित राहू नये, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयानेही २६ सप्टेंबर २०१८ रोजीच्या निकालात मांडली. तांत्रिक परिभाषेत सांगायचे तर प्रमाणीकरण हे अनिवार्य अवलंबन मानायचे की ऐच्छिक, हा येथे केवळ रचनेचा प्रश्न राहत नाही. कुटुंबाला त्या महिन्याचे धान्य मिळेल की नाही, हे त्यावर ठरते.

इतर उदाहरणे

ओपनएमआरएस

ओपनएमआरएस ही २००४ मध्ये सुरू झालेली मुक्त स्रोत रुग्णनोंद प्रणाली जावा भाषेत लिहिलेली आहे. तिच्यातील घटक एका फायलीच्या स्वरूपात असतो आणि व्यवस्थापनाच्या पानावरून तो चढवता, सुरू करता व थांबवता येतो. घटकाच्या वर्णनपत्रात त्याला लागणारे इतर घटक आणि मूळ प्रणालीची किमान आवृत्ती नमूद असते. घटक सुरू करताना वेब अनुप्रयोगाची अंतर्गत जुळणी नव्याने होते. त्यामुळे थोडा वेळ विनंत्या थांबतात. वेब पानावरून घटक चढवण्याची सोय सुरक्षेसाठी बंद ठेवता येते. तसेच एखादा घटक अनिवार्य म्हणून जाहीर केल्यास तो सुरू न झाल्यास प्रणालीही सुरू होत नाही. छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या गनियारी येथील जनस्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या रुग्णालयाच्या गरजांतून आकारास आलेली बाह्मनी ही रुग्णालय प्रणाली ओपनएमआरएसवर आधारित आहे.

मीडियाविकी

मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी या प्रणालीवर चालतो, तिच्यातील बहुतेक पूरक सोयी विस्तारांच्या स्वरूपात आहेत. पीएचपी भाषेत प्रत्येक विनंतीसाठी आज्ञावली नव्याने उभी राहते. त्यामुळे मांडणीच्या फायलीत विस्तार जोडला की पुढील विनंतीपासून तो लागू होतो. २०११ मधील १.१७ या आवृत्तीपासून न्याहाळकात चालणारी आज्ञावलीही मॉड्यूलमध्ये विभागली गेली. पानाला ज्यांची गरज आहे, तीच मॉड्यूल त्यांच्या अवलंबनांसह पाठवली जातात. मराठी टंकलेखनाची सोय हे याचे नित्याचे उदाहरण आहे. वाचकाने अक्षरांतरण किंवा इनस्क्रिप्ट ही पद्धत निवडल्यावरच तिचे नियम न्याहाळकात आणले जातात. इतर शेकडो पद्धतींचा भार त्याच्या जोडणीवर पडत नाही.

इतर रचनांशी तुलना

एकसंध रचनेत सर्व भाग एकत्र बांधले व बसवले जातात. ती समजण्यास व तपासण्यास सोपी असून लहान अनुप्रयोगांसाठी बहुधा पुरेशी असते. सूक्ष्मसेवा रचनेत प्रत्येक भाग स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालतो आणि इतरांशी जाळ्यावरून बोलतो. त्यामुळे एका सेवेची स्मृती संपली, तरी दुसरी चालू राहते. मात्र जाळ्यावरील विलंब, अर्धवट अपयश आणि अनेक सर्व्हरांची देखभाल यांचा खर्च वाढतो. एकाच प्रक्रियेतील घटकाधारित रचना या दोहोंच्या मध्ये येते. तिच्यात घटकांमधील संवाद वेगवान असतो आणि एकच सर्व्हर पुरतो. परंतु एका घटकाने सर्व स्मृती व्यापल्यास इतर घटकही बंद पडतात. न्याहाळकाच्या बाजूला जावास्क्रिप्ट भाषेच्या २०२० च्या मानकात गरजेनुसार मॉड्यूल आणण्याची सोय समाविष्ट झाली आहे.

फायदे

• एका भागातील बदलासाठी संपूर्ण सेवा बंद ठेवावी लागत नाही.
• चूक झाल्यास केवळ संबंधित घटक मागे नेता येतो.
• निरनिराळे गट आपापल्या घटकांवर स्वतंत्रपणे काम करू शकतात.
• एकच मूळ प्रणाली वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या घटकांसह वापरता येते. लहान केंद्राला मोठ्या रुग्णालयाचे सर्व घटक बसवावे लागत नाहीत.

मर्यादा

• घटक काढल्यावरही त्याचा एखादा संदर्भ कोठेतरी शिल्लक राहिल्यास त्याची स्मृती मोकळी होत नाही. वारंवार बदल केल्यावर सर्व्हर हळूहळू भरत जातो आणि अखेर तो बंद करून पुन्हा सुरू करावाच लागतो.
• घटकांच्या आणि आवृत्त्यांच्या संभाव्य जोड्या फार वाढतात. त्या सर्वांची चाचणी घेणे शक्य नसते. दहा ऐच्छिक घटकांच्या चालू-बंद अवस्थांच्याच १,०२४ जोड्या होतात.
• घटक चढवण्याचा अधिकार म्हणजे सर्व्हरवर कोणतीही आज्ञावली चालवण्याचा अधिकार होय. तो चुकीच्या हाती पडल्यास संपूर्ण विदा धोक्यात येते. म्हणून घटकांवरील अंकीय स्वाक्षरी तपासणे आणि हा अधिकार मोजक्या व्यक्तींपुरता ठेवणे आवश्यक मानले जाते.
• सीमा चुकीच्या ठिकाणी आखल्या गेल्यास घटक नावापुरतेच स्वतंत्र राहतात आणि प्रत्येक बदलात सर्वच थांबवावे लागतात.

या मर्यादांमुळे अनेक संस्था चालू सर्व्हरमधील घटक बदलण्याऐवजी नव्या आवृत्तीचा दुसरा सर्व्हर आधी उभा करतात आणि विनंत्या टप्प्याटप्प्याने त्याच्याकडे वळवतात. एकच सर्व्हर उपलब्ध असलेल्या ठिकाणी, जोडलेल्या उपकरणांत, आणि वापरकर्त्याने स्वतः सोयी निवडायच्या असलेल्या प्रणालींत मात्र चालू स्थितीतील घटक-व्यवस्थापनाचा उपयोग टिकून आहे.

हेही पाहा

• आधार
• ओएसजीआय
• एरलँग
• मीडियाविकी
• मुक्त स्रोत
• नंदुरबार जिल्हा